अताउल्लाचा मकबरा

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्यास 'गरिबांचा ताज' म्हणून हिणविण्याची रीत इतकी रुळली आहे कीं, तो कोणीं रचिला हें विचारण्याची तसदीहि कोणी घेत नाहीं. मोगल इमारतींवर स्थपतीचें नांव विरळाच सांपडतें. येथें मात्र द्वाराच्या पितळी पत्र्यावर स्थपति अताउल्ला आणि बांधकाम पाहणारा हंसपतराय, अशीं दोन नांवें स्वच्छ कोरलेलीं आहेत.

अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताजमहाल व दिल्लीचा लाल किल्ला बापानें रचिला, असें अताउल्लाचा भाऊ लुत्फुल्ला आपल्या काव्यांत सांगतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ त वारली, आणि तिच्या मकबऱ्याच्या निमित्तानें बापाच्या कृतीचा कित्ता गिरविण्याची पाळी लेकावर आली. तीहि आखडत्या हातानें. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'प्रमाणें येथील खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजाचा हिशेब कोटींचा होता.

परंतु हा मनुष्य केवळ बापाच्या पुण्याईवर जगणारा नव्हता. १६३४-३५ त त्यानें भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चें फारसी भाषांतर करून शहाजहानास अर्पण केलें. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. मकबऱ्याहून निघून कन्नडचा घाट उतरला कीं तो मुलूख लागतो. अताउल्ला तेथें गेला असेल असें आमचें म्हणणें नाहीं. पण आमच्या वाचकांस हा शेजार ठाऊक असावा.

मग अशा गणितज्ञाच्या हातून प्रमाण कसें चुकलें? आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही झांकून ठेवीत नाहीं. मिनार मुख्य इमारतीस खेटलेले व तिच्या मानानें थोराड. इमारत उंचीस वाढली पण रुंदीस आखडली, त्यामुळें घुमटास ताजाचा ऐसपैस विसावा नाहीं. संगमरवर खालच्या भागापुरता व घुमटापुरता. बाकी सारें काळ्या पाषाणावर चुन्याचा गिलावा. मात्र टवाळांनीं हा गिलावा जरा जवळ जाऊन पाहावा. त्यांतील वेलबुट्टी संगमरवराची उसनवारी वाटत नाहीं. तें चुन्याचें स्वतःचें काम आहे.

आणि कबरीच्या मांडणींत तर अताउल्ला बापापासून सरळ फारकत घेतो. ताजांत खरी कबर तळघरांत, आणि वरच्या दालनांत लोकांनीं पाहावी म्हणून दुसरी, रिकामी. येथें ही द्विरुक्ति त्यानें गाळली. वरच्या तळाच्या मधोमध अष्टकोनी पोकळी ठेविली, तिच्याभोंवतीं संगमरवरी कठडा घातला; त्यावरून वांकून पाहिलें कीं जाळीच्या अष्टकोनांत खालची कबर दिसते. अशी तोड दुसऱ्याचा नकाशा नुसता गिरविणाऱ्यास सुचत नाहीं.

पश्चिमेची मशीद मागाहून निजामानें बांधविली. तिच्या जोडीस पूर्वेकडे कांहींच नाहीं, म्हणून चौथऱ्याचा तोल बिघडला आहे. तो दोष अताउल्लाच्या माथीं मारूं नये.