नव्या मुलखातला पहिला आठवडा

आज आपण ज्या लेखनाबद्दल बोलणार आहोत त्याला वाङ्मय म्हणायला सहसा कोणी धजत नाही. नव्या मुलखात पाठवलेल्या तरुण प्रचारकाचं पहिल्या आठवड्याचं पत्र, हा तो प्रकार. मॉर्मन पंथाची मुलं अशी पत्रं घरी लिहीत असतात. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथने स्थापन केलेला हा पंथ. त्यांच्यात मुलगा किंवा मुलगी अठराची झाली की प्रचाराला जाता येतं, मुलाला दोन वर्षं, मुलीला दीड. कुठे जायचं ते चर्च ठरवणार. राहायचं नेहमी जोडीने, छातीवर नावाची पट्टी. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, बाजाराला आणि पत्राला. २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभासुद्धा वर्षातून एकदोनदाच होती, म्हणजे पत्राचाच काय तो आधार. मग बदली होते. पुन्हा नवं गाव, बहुधा नवा जोडीदार, पुन्हा पहिला आठवडा.

ही पत्रं एकासारखी एक असतात. पाऊस, खोलीतली झुरळं, तिखट जेवण, जोडीदार किती चांगला, किती दारं ठोठावली, कितींनी आत बोलावलं. शेवटी हमखास एक वाक्य: इथली माणसं फार प्रेमळ आहेत. आता सहा दिवसांत अख्खं गाव प्रेमळ कसं ठरलं, असं विचारावंसं वाटतं. पण ते पोर आईला लिहितंय हो! मी घाबरलोय, असं थोडंच लिहिणार? आमची तक्रार मुलाबद्दल नाही, साच्याबद्दल आहे. सांगायचं ते सगळं आधीच तयार होऊन आलेलं असतं. गावाने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. गावाला काही तिसरंच म्हणायचं असेल, तर त्याला या पत्रात जागाच नसते.

आपल्या भागाला हे अगदी परकं नाही. मॉर्मनांचा ह्यू फिंडले १८५२ सालीच मुंबईला उतरला होता, पुढे पुण्यालाही राहिला. अमेरिकेतल्याच ब्रदरेन पंथाचे विल्बर स्टोव्हर १८९४ मध्ये आले, त्यांनी वलसाडला बस्तान बसवलं आणि पुढे ते काम डहाणूपर्यंत पोचलं. डहाणूचं मिशन हॉस्पिटल तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल.

पण नव्या मुलखात संदेश घेऊन गेलेल्या माणसाचं मराठीतलं सगळ्यांत मोलाचं पुस्तक आमच्या मते एका कम्युनिस्ट बाईंनी लिहिलं आहे, आणि तो मुलूख आपलाच आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. पुस्तक १९७० चं, १९७२ ला त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोखल्यांच्या घरातली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजात काढलेली ही बाई १९४५ साली तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात पाड्यापाड्याने हिंडली, वारल्यांच्या झोपडीत राहिली. वेठ कशी चालते, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस ‘लग्नगडी’ होऊन सावकाराकडे वर्षानुवर्षं कसा राबतो, हे तिने पाहिलं आणि लिहिलं.

या पुस्तकात आम्हांला एक गोष्ट खटकते आणि एक फार मोलाची वाटते. खटकतं ते नाव. जागा होतो म्हणजे आधी झोपलेला होता? गुलामीत राबणाऱ्या माणसाला झोप कसली! त्याला आपली स्थिती पक्की ठाऊक असते, तोंड उघडलं तर काय होईल तेही ठाऊक असतं. जागं करायला येणारा कोणत्याही पंथाचा असो, समोरचा झोपलाय असं त्याला धरूनच चालावं लागतं, नाहीतर त्याच्या येण्याला अर्थ उरत नाही. मॉर्मन पोराचा साचा आणि गोदूताईंचं शीर्षक इथे सख्खे भाऊ निघतात.

मोलाचं हे, की पुस्तकातला मजकूरच या शीर्षकाला खोटं पाडतो. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथे उंबरगावकडचे काही वारली आपण होऊन आले होते, झरीचा माह्या धांगडा त्यांच्यात होता. म्हणजे पहिलं पाऊल कोणी टाकलं? बाई तिकडे जायच्या आधी ते इकडे आले होते. दार वारल्यांनी ठोठावलं. मग २३ मे १९४५ ला झरीला परिषद भरली, हजारो वारली जमले, आणि ठरलं की वेठ करायची नाही, रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही. ही मागणी कुठल्या जाहीरनाम्यातून उतरवून घेतलेली नव्हती. बारा आण्यांत काय येतं हे ज्याला माहीत, त्याचीच ती.

इथवर आनंदाने वाचावं. पुढे तलवाडा येतो. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये गोदावरीबाई येणार अशी वार्ता पसरली आणि वारली प्रचंड संख्येने गोळा झाले. बाई तिथे नव्हत्या. पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड. गोळ्या चालू असताना लोक हलले नाहीत, बाईंच्या शब्दाखातर. या जागी आम्ही पुस्तक मिटून ठेवतो, दरवेळी. बाहेरून आलेल्या माणसावर एवढा विश्वास बसला तर त्याने त्या विश्वासाचं करायचं काय? परतीचा रस्ता त्याला असतो. बाईंना सरकारने जिल्ह्यातून हद्दपार केलं, हालही त्यांनी सोसले, त्यांच्या धैर्याबद्दल आम्हांला शंका नाही. पण मेले ते तिथले. पुस्तक शौर्य सांगतं, आणि खरंच सांगतं; हा हिशेब मात्र पुरता मांडत नाही. पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकाकडून आम्ही तेवढी अपेक्षा ठेवतो. पहिल्या आठवड्याच्या पत्राकडून ती कोणी ठेवणार नाही.

त्याच १९४५ साली, डिसेंबरात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला कामाला लागल्या, १९५७ ला कोसबादला गेल्या. त्याही संदेश घेऊनच आल्या होत्या, बालशिक्षणाचा. मुलं बालवाडीत येईनात. या बायांनी मग बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. तिचीच पुढे अंगणवाडी झाली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा, तिचं नाव कुरणशाळा. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या पलीकडचं तिसरं म्हणतो ते हे. गावाने कामाचं रूपच बदलून टाकलं आणि आलेल्यांनी ते बदलू दिलं.

आता असा एकोणीस वर्षांचा मुलगा उद्या बोईसर स्टेशनला उतरला, तर? ज्या गावात तो उतरेल तिथे निम्मं गाव त्याच्यासारखंच नुकतं आलेलं. तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं, एका खोलीत सहाजण, पाळ्यांनी झोपणारी. पलीकडे अणुवीज केंद्र. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीपायी उठलेले पोफरण आणि अक्करपट्टीचे लोक तर आपल्याच किनाऱ्यावर नवखे झाले. या कोणाच्या पहिल्या आठवड्याची पत्रं कोणी छापली? आणि अनोळखी माणसाची भीती या जिल्ह्यात काय करू शकते, ते १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्याने दाखवलं. अफवा उठलेली, आणि दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. ‘इथली माणसं फार प्रेमळ आहेत’ हे वाक्य लिहिताना हेही माहीत असलेलं बरं. आणि अख्ख्या जिल्ह्याला त्या एका रात्रीवरून ओळखणं, हीदेखील सहा दिवसांच्या पत्राचीच बुद्धी.

परुळेकरांच्या पुस्तकात झोपडीवाल्यांचं बोलणं येतं ते बाईंच्या वाक्यांतून, त्यांच्या मराठीतून. ही शहरी बाई दारात उभी राहिली तेव्हा त्या घरातल्या म्हातारीला काय वाटलं, रात्री तिला कुठे निजवलं, ती गेल्यावर सावकाराचा माणूस येऊन काय बोलून गेला, हे त्यांच्या तोंडून वाचायला आम्हांला आवडेल. तलासरीकडचं कोणी आज आलं असेल, आणि घरातल्या जुन्या माणसांकडून त्या मुक्कामांबद्दल काही ऐकलं असेल, तर आधी त्यांनी बोलावं. प्रश्नोत्तरं मागाहून घेऊ.