हरित नवप्रवर्तनाची मोजपट्टी : जुन्नर व आंबेगाव येथील साखर कारखान्यांच्या संदर्भात

विकसनशील देशांतील कारखानदारीच्या विवेचनात ‘हरित नवप्रवर्तन’ ही संकल्पना आता रूढ झाली आहे. ते मोजण्यासाठी बहुधा एकस्वांची संख्या, संशोधनावरील खर्च आणि दर एकक उत्पादनामागील ऊर्जा यांचा आधार घेतला जातो. तात्त्विक बैठक मुख्यतः मायकेल पोर्टर व क्लास व्हान डर लिंड यांच्या १९९५ मधील प्रतिपादनाची असते : सुयोग्य व कडक पर्यावरणनियम उद्योगाला नव्या युक्त्या शोधावयास लावतात आणि त्यांतून नियमपालनाचा खर्च भरून निघू शकतो. जुन्नर तालुक्यातील विघ्नहर व आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या संदर्भात ही मोजपट्टी दोन ठिकाणी अपुरी ठरते.

एक टन उसातून सुमारे २८० ते ३०० किलो ओलसर चिपाड निघते. ते उच्च दाबाच्या बाष्पकात जाळून वाफेवर प्रथम वीज निर्माण करावयाची, मग त्याच वाफेवर रस आटवावयाचा आणि उरलेली वीज विकावयाची, ही सहवीजनिर्मितीची रीत होय. यंत्रे विकत घेतलेली असल्याने कारखान्याच्या नावे एकस्वाची नोंद होत नाही. तथापि त्याच्या अर्थव्यवहारातील बदल खरा असतो. शिवाय त्याची प्रेरणा निराळी आहे. आसवनीच्या सांडपाण्याबाबत पोर्टर यांचे म्हणणे बरेचसे लागू पडते. तेथे नियमांनीच शुद्धीकरण भाग पाडले. परंतु सहवीज व इथेनॉल यांना चालना मिळाली ती खरेदीच्या हमीमुळे. अशी हमी धोरणाधीन असते : डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले व २०२४ मध्ये ते उठले.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ही मोजपट्टी कारखान्याच्या फाटकाशी थांबते. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना निघणारे ते पाणी पुन्हा वापरले की कारखान्याचा जलहिशेब उजळ दिसतो. शेतात मात्र सुरू उसाला सुमारे १२, तर आडसालीला १६ ते १८ महिने पाणी लागते. महाराष्ट्रात लागवडीच्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नमूद केले होते. चिपाड हा फुकटचा टाकाऊ पदार्थ नव्हे. तेही याच पाण्यावर वाढलेले असते.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांच्या पाण्यावर पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळा या तालुक्यांचाही हक्क आहे. डिंभे जलाशयात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासी गावांचा तर या हिशेबात उल्लेखही नसतो. मोठे बाष्पक व मोठी आसवनी उभारली की भांडवलाच्या परतफेडीसाठी अधिक ऊस हवा असतो. म्हणजे हरित ठरलेले नवप्रवर्तनच पाण्याची मागणी वाढवू शकते.

ऊस हे हमीभावाचे पीक आहे आणि कारखाने सभासद शेतकऱ्यांचे आहेत, हे विसरून केलेली टीका एकांगी ठरेल. किंबहुना म्हणूनच नवप्रवर्तनाचा शोध बाष्पकाइतकाच बांधावर घेतला पाहिजे. ठिबक सिंचनाने पाणी वाचते. परंतु वाचलेल्या पाण्यावर पुन्हा ऊसच वाढला, तर धरणातील साठ्यावरचा भार कमी होत नाही. अभ्यासकाने म्हणून किती पाणी वाचले, एवढेच न विचारता ते कोणाकडे गेले, हेही विचारले पाहिजे.