‘स्मृतिचित्रे’ : दुःख, श्रद्धा आणि दृष्टी

भिलाईहून नागपूरकडे निघालेल्या प्रवाशाला दुर्ग ओलांडल्यावर थोड्याच वेळात राजनांदगाव लागते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या लोहमार्गाला एक आगळे स्थान आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता गाडीत एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे धर्मविषयक संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे ठरले. परंतु त्याची सर्वांत मोठी किंमत जिने मोजली, त्या लक्ष्मीबाईंना या निर्णयात स्थान नव्हते.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. रसिक त्यातील घरगुती, निर्मळ विनोदाची वाखाणणी करतो आणि श्रद्धेचा भाग कवीच्या पत्नीचा खासगी विषय म्हणून बाजूस ठेवतो. भाविक त्यात धर्माची साक्ष शोधतो आणि परित्यक्त स्त्रीच्या यातनांवरून भराभर पुढे सरकतो. प्रस्तुत लेखकास वाटते की, दोघांच्याही हातून ग्रंथाचा गाभा निसटतो. हा विनोद आणि ही श्रद्धा एकाच दृष्टीची दोन रूपे आहेत, आणि ती दृष्टी दुःखातच घडलेली आहे.

ग्रंथाचा आरंभच या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घेतले जाई. वाचक येथे हसतो, आणि हसावे अशीच लेखिकेची इच्छा आहे. पण हे वेड भीतीपोटी जन्मले, हे तिने आधीच सांगून ठेवलेले असते. जगाचा भयंकर स्पर्श ज्याला एकदा झाला, तो पुढे प्रत्येक स्पर्शाला भितो. दुःखाने त्याचा धर्म आकसला.

आता याच्या शेजारी मुलीची कथा ठेवून पाहावी. पती धर्मांतर करतो, संसार मोडतो, लोकापवाद वाट्याला येतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती पतीकडे येते, तीही आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवूनच. वडिलांचा वारसा अद्याप सुटलेला नसतो. पुढे एके दिवशी, जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न ती स्वतःलाच विचारते आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे ठरवते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. टिळकांना श्रद्धा ग्रंथातून व वादातून गवसली. लक्ष्मीबाईंना ती पाण्याच्या भांड्यापाशी गवसली. मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी पुढे प्लेगच्या छावणीत रुग्णांपाशी वावरते, तेव्हा आरंभीच्या विनोदाचे गांभीर्य आपल्या ध्यानात येते. जे दुःख बापाला जगापासून तोडते, त्याच जातीचे दुःख मुलीला जगाशी जोडते.

श्रद्धेने दुःखाचा उलगडा होतो, असा दावा या ग्रंथात नाही, आणि हे त्याचे मोठे बळ आहे. टिळकांनी दूर लोटले ते आपल्या कल्याणासाठीच होते, असा समजुतीचा लेप लक्ष्मीबाई त्या वर्षांवर चढवीत नाहीत. पतीवर त्यांचे प्रेम आहे, त्याच्या देवावर पुढे त्यांची श्रद्धा बसली. तरी त्याचा विक्षिप्तपणा, तापटपणा, घरखर्चाविषयीची बेफिकिरी यांचा हिशेब त्या चोख मांडतात. क्षमा केली म्हणून स्मरण पुसले नाही. रागाने लिहिले असते तर त्याची फिर्याद झाली असती, आणि केवळ भक्तीने लिहिले असते तर आरती झाली असती. विनोदामुळे ते चरित्र झाले.

ग्रंथात उणीव नाही असे नव्हे. निर्णायक आंतरिक क्षण लेखिका इतक्या थोडक्यात सांगते की, चिंतनशील वाचकाची तृषा भागत नाही. जाती माणसांनीच केल्या, येथवर ती कशी पोहोचली, ती घालमेल आपल्याला जवळून दिसत नाही. परंतु कदाचित हीच तिची प्रकृती असावी. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी स्वीकारले, आणि तेही मराठी स्त्रीच्या कानाला ओळखीच्या असलेल्या ओवीत. शोकाला त्यांनी दिलेले उत्तर तत्त्वचर्चेचे नव्हते. अर्धवट राहिलेले काम हाती घेण्याचे होते.

संकटकाळी श्रद्धा टिकली की नाही, हे आपण सहसा माणसाच्या उद्गारांवरून ठरवतो. ‘स्मृतिचित्रे’ वेगळी कसोटी पुढे ठेवते : दुःख भोगल्यावर त्या माणसाच्या घराचे दार रुंद झाले की अरुंद? एका बापाच्या आणि एका मुलीच्या जीवनातून या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच ग्रंथात मिळतात, म्हणूनच तो श्रद्धावंताइतकाच अश्रद्धासही आपला वाटतो.