शपथ त्याची, पंचनामा तिचा

५ डिसेंबर २०२४. आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते आणि सुकापुरात मी अमृता फडणवीसांच्या गाण्यावरचं मीम फॉरवर्ड करत होते. २०२२ मध्ये भाजपच्या एका पदाधिकाऱ्याने रश्मी ठाकरेंना ‘मराठी राबडीदेवी’ म्हटलं, तेव्हा मात्र मीच चिडले होते.

२०१८ मध्ये क्रूझवर सुरक्षा झुगारून काढलेल्या सेल्फीवर टीका रास्तच. ‘सामना’च्या संपादक असताना रश्मींना जाब विचारणंही. पण एकीचं गाणं आगाऊपणा आणि दुसरीचं मौन संस्कार, हे ठरवतो नवऱ्याचा पक्ष. बाजू बदला, तेच मौन पडद्यामागचं राजकारण होतं.

आणि राबडीदेवी तर स्वतः मुख्यमंत्री होत्या. त्यांचं नाव शिवी कधी झालं?