इन्व्हर्जन म्हणजे नेमकं काय उलटलं?

'हिवाळ्यात इन्व्हर्जनमुळे चंद्रपूरच्या हवेतील प्रदूषण वाढते.' हवेवर संशोधन करू पाहणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. आरआरसीसमोर बसायच्या आधी तुम्हीच स्वतःला विचारा: उलटलं काय?

कारण हा शब्द अनेक घरी नांदतो. गणितात तो व्यस्त काढणं. जनुकशास्त्रात गुणसूत्राचा तुकडा तुटून उलट्या दिशेने जोडला जाणं (फळमाशीत हे स्टर्टेव्हंट यांनी 1921 मध्ये मांडलं). पाश्चात्त्य संगीतात स्वरसंघातला तळाचा स्वर उचलून वर नेणं. इंग्रजी व्याकरणात प्रश्नासाठी कर्ता आणि क्रियापद जागा बदलतात. आपलं 'का' लावून भागतं. हे सगळं बाजूला ठेवू. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्याला दोनच अर्थ छळतात.

पहिला भूगोलातला, तापमानाची विपरीतता. एरवी वर जाल तशी हवा थंड होते, सरासरी किलोमीटरला साडेसहा अंश. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला चिकटलेली हवाही निवते आणि गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं. खालचा धूर खालीच कोंडतो.

आता वाक्याकडे या. विपरीतता एक ग्रॅमही धूर तयार करत नाही. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळून ते देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथं आलं, ते काही थंडीमुळे नाही. 'इन्व्हर्जनमुळे' म्हटलं की कर्ता गायब होतो आणि दोष आभाळावर जातो. श्वास घेणाऱ्या माणसाला हा फरक महाग पडतो.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. झाकणाच्या खाली कोण? शेगडी, ट्रक, रस्त्याची धूळ नक्कीच. पण 2920 मेगावॅटच्या थर्मलचं काय? 500 मेगावॅटच्या संचाला 275 मीटर चिमणी असा नियम होता. झाकण त्याहून खाली असेल तर तो धूर रात्रभर वरच तरंगतो. सकाळी ऊन लागून जमिनीलगतची हवा ढवळायला लागली, की तोच धूर भसकन खाली येऊ शकतो. म्हणजे पहाटेचा आकडा आणि नऊ-दहाचा आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील. 24 तासांची सरासरी काढलीत तर दोन्ही पुसल्या जातात.

इथेच दुसरा इन्व्हर्जन येतो, परिणामावरून कारण शोधण्याचं उलट गणित. गडचिरोलीच्या जंगलावर उपग्रहातून काम करणारे हेच करतात: परावर्तित प्रकाशावरून पानांचा पसारा काढतात. अडचण अशी की विरळ सागाखाली दाट बांबू असला तर वरून दिसणारा आकडा भरगच्च सागासारखाच येऊ शकतो. हादामार यांनी बजावलं होतं की प्रश्नाला उत्तर असावं, ते एकच असावं आणि आकड्यातल्या किरकोळ चुकीने ते कोलमडू नये. आपले बहुतेक उलट प्रश्न या कसोटीवर नापास होतात.

हवेतही तेच. केंद्रावर धुळीचा आकडा एक. अज्ञात मात्र चार: राख, कोळशाची धूळ, शेगडी, रस्ता. रासायनिक विश्लेषण जोडलं तरी शेगडीतला आणि थर्मलमधला कोळसा एकाच जातीचा असेल, तर दोन्ही धुरांची ओळख इतकी सारखी पडते की सारणीचा व्यस्त काढताना उत्तर डोलायला लागतं. सॉफ्टवेअर टक्केवारी देतंच, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत! ती तशीच छापणारा प्रबंध चंद्रपूरच्या कामाचा नाही.

माझं ते वाक्य आता तीन प्रश्नांत मोडलंय: झाकण किती उंचीवर, धूर त्याच्या वर की खाली, आणि वाजले किती. तिसऱ्याचं उत्तर तासागणिक नोंदींत मिळतं. पहिल्यासाठी मात्र जमिनीवरचा तापमापक पुरत नाही, फुगा सोडून वरचं तापमान मोजावं लागतं.