वजा गुणिले वजा : नियम, गोष्टी आणि कारण

पूर्णांकांचा गुणाकार शिकवताना फळ्यावर चार नियम लिहिले जातात. धन गुणिले धन बरोबर धन, धन गुणिले ऋण बरोबर ऋण, ऋण गुणिले धन बरोबर ऋण आणि ऋण गुणिले ऋण बरोबर धन. पहिल्या तीन नियमांबद्दल वर्गात फारशी कुरबुर होत नाही. चौथ्यापाशी मात्र एखादा हात वर होतो : "सर, असं का?" या प्रश्नाला आपल्याकडे जी उत्तरे प्रचलित आहेत, त्यांची परीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. उत्तर मुलांना आवडले, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. ते गणिताच्या कसोटीला उतरते का, हेही पाहिले पाहिजे.

शत्रूचा शत्रू

सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे 'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र'. त्याचेच दुसरे रूप 'दोन नकार म्हणजे एक होकार'. ही उत्तरे लक्षात राहतात, हा त्यांचा एकमेव गुण. त्यांत गुणाकार कोठेच नाही. शत्रू आणि शत्रू यांचा 'गुणाकार' म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगत नाही. ते सांगता आले तरी व्यवहारात शत्रूचा शत्रू आपलाही शत्रू असू शकतो, हे सातवीच्या मुलांना चांगले ठाऊक असते. नकारांचे म्हणाल, तर मराठी भाषा या नियमाला जुमानत नाही. 'छे, छे, मुळीच नाही' यात नकार वाढत जातो, उलटत नाही. आणि 'नाही नाही म्हणता पन्नास माणसे जमली' या वाक्यातील दोन नकारांचा हिशेब तर कोणत्याच नियमात बसत नाही.

हे केवळ शब्दांचे खुसपट नाही. अशा उत्तरांचे नुकसान उत्तरपत्रिकेत दिसते. 'वजा-वजा अधिक' हे सूत्र पाठ झालेला मुलगा −३ − ५ याचे उत्तर +८ लिहितो. त्याने सूत्र अगदी प्रामाणिकपणे वापरलेले असते. सूत्रात दोन वजा होते, उदाहरणातही दोन वजा आहेत. सूत्र कोणत्या क्रियेबद्दल आहे, हे त्याला सांगितलेले नसते. आणि शत्रूच्या गोष्टीतून ते त्याला शोधूनही काढता येत नाही. कारण ठाऊक असते तर त्याला स्वतःची चूक स्वतःच पकडता आली असती.

कर्जाची गोष्ट

ऋण या शब्दाचाच अर्थ कर्ज. त्यामुळे कर्जाचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे व भागाकाराचे नियम दिले, तेही याच शब्दांत. बेरीज-वजाबाकीसाठी कर्जाचे उदाहरण उत्तम आहे. गुणाकारात मात्र ते जपून वापरावे लागते.

स्तांदाल या फ्रेंच कादंबरीकाराने १८३५-३६ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात आपल्या शाळकरी वयातील हीच अडचण नोंदवली आहे. एखाद्याने दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणले, तर त्याच्या हाती पन्नास लाखांची संपत्ती कशी येणार, असा त्याचा प्रश्न होता. शिक्षकांकडून त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. खरे तर प्रश्नातच गोम आहे. पैशाला पैशाने गुणण्याला अर्थ नाही, मग ते पैसे कर्जाचे असोत वा शिलकीचे. गुण्य रुपयांत असेल तर गुणक 'किती वेळा' हे सांगणारी निव्वळ संख्या हवी.

हे पथ्य पाळले तर कर्जाची गोष्ट थोडी पुढे जाते. चार रुपयांची एक, अशा तीन चिठ्ठ्या तुमच्या नावावर चढल्या, तर तुमची स्थिती ३ × (−४) = −१२ ने बदलली. त्याच तीन चिठ्ठ्या सावकाराने फाडून टाकल्या, तर ती १२ ने सुधारली. 'तीन वेळा काढून घेणे' याला आपण −३ ने गुणणे म्हटले, तर (−३) × (−४) = १२ मिळते. ही गोष्ट शत्रूच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ बरी. पण 'ऋण गुणक म्हणजे काढून घेणे' हा येथे आपण केलेला नवा करार आहे, हे मुलांपासून लपवू नये.

आकृतिबंध

अनेक पाठ्यपुस्तकांत तिसरे उत्तर असते :

३ × (−४) = −१२
२ × (−४) = −८
१ × (−४) = −४
० × (−४) = ०

प्रत्येक पायरीवर उत्तर ४ ने वाढते. म्हणून पुढची ओळ (−१) × (−४) = ४. वर्गात ही मांडणी परिणामकारक ठरते आणि ती वापरावी, असेच माझे मत आहे. पण ती सिद्धता नव्हे. चार ओळींत दिसलेला क्रम पाचवीतही टिकेल, याची हमी काय? न² + न + ४१ या राशीत न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत कोणतीही पूर्ण संख्या घाला, उत्तर मूळ संख्याच येते. अशी ओळीने चाळीस उत्तरे मिळाल्यावर न = ४० घातले की १६८१ येते, आणि ती तर ४१ × ४१. शिवाय ३, २, १, ० नंतर 'संपले' असे म्हणणाराही तर्कदुष्ट नसतो.

हा क्रम पुढे चालू राहावा असे आपल्याला वाटते, त्यामागे एक नियम दडलेला आहे. गुणक एकाने कमी केला की गुणाकारातून गुण्य एकदा वजा होते. हा वितरणाचा नियम. आकृतिबंध दाखवून थांबणारे पुस्तक नेमके हेच नाव घ्यायचे विसरते.

ऑयलरचा युक्तिवाद

लेओनार्ड ऑयलर याच्या १७७० मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या बीजगणितात आणखी एक स्पष्टीकरण आहे. −अ हे कर्ज तीनदा घेतले तर −३अ होते, म्हणजे ऋण गुणिले धन बरोबर ऋण. आता (−अ) × (−ब) चे उत्तर अब किंवा −अब यांपैकीच एक असणार. (−अ) × ब चे उत्तर −अब आहेच. मग (−अ) × (−ब) चेही तेच कसे असेल? म्हणून ते अब.

एवढ्या मोठ्या गणितज्ञाचा युक्तिवाद असला तरी तो तपासलाच पाहिजे. उत्तर या दोघांपैकीच एक असणार, हे कशावरून? आणि ब व −ब या वेगळ्या संख्या असल्या म्हणून त्यांचे गुणाकार वेगळेच आले पाहिजेत, हे तरी कशावरून? शून्याने गुणले तर दोन्ही गुणाकार एकच येतात. ऑयलरचे उत्तर बरोबर आहे. पण उत्तरापर्यंत नेणारा पूल मध्येच तुटलेला आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा तुटलेला भाग शोधायला सांगावे. नावाजलेल्या माणसाचे म्हणणेही तपासून घ्यायचे असते, हे त्यातून शिकता येते.

मग कारण काय?

एक साधा गुणाकार घेऊ : १८ × १७ = ३०६. आता तोच (२० − २) × (२० − ३) असा मांडू. चार तुकडे पडतात. २० × २० = ४००, २० × (−३) = −६०, (−२) × २० = −४० आणि (−२) × (−३). पहिल्या तिघांची बेरीज ३००. खरे उत्तर ३०६ आहे. म्हणजे चौथा तुकडा +६ असलाच पाहिजे. तो −६ मानला तर १८ × १७ = २९४ होईल, आणि ते कोणताही वाणी मान्य करणार नाही.

हे चौकटीच्या कागदावर करून दाखवता येते. २० × २० चौकटींचा चौरस घ्या. एका बाजूने ३ चौकटी रुंदीची पट्टी वजा करा, दुसऱ्या बाजूने २ चौकटी रुंदीची. दोन्ही पट्ट्या जेथे एकमेकींवर येतात, त्या कोपऱ्यातील ६ चौकटी दोनदा वजा झाल्या. त्या एकदा परत मिळवल्याशिवाय हिशेब जुळत नाही. ऋण गुणिले ऋण हा तो कोपरा.

येथे एक पायरी मात्र उरते. १८ × १७ मध्ये शेवटी सगळे धनच होते. एकट्या उभ्या असलेल्या −२ आणि −३ चे काय? त्यांच्यासाठी आपण ठरवतो की बेरीज-गुणाकाराचे ओळखीचे नियम, विशेषतः वितरणाचा नियम, नव्या संख्यांनाही लागू राहतील. एवढे ठरवले की पुढे निवडीला वाव नाही. ४ + (−४) = ० असल्यामुळे

(−३) × ४ + (−३) × (−४) = (−३) × ० = ०

पहिले पद −१२ आहे. म्हणून दुसरे १२ च असले पाहिजे.

तेव्हा 'असं का?' याचे प्रामाणिक उत्तर दुहेरी आहे. हा निसर्गाने घालून दिलेला नियम नाही, तो माणसाने केलेला करार आहे. पण तो मनमानी करारही नाही. जुने नियम टिकवायचे तर याखेरीज दुसरा करार शक्य नाही. हे तत्त्व स्पष्टपणे मांडले जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये जॉर्ज पीकॉकने १८३० मध्ये आणि जर्मनीत हेर्मान हांकेलने १८६७ मध्ये ते मांडले. ब्रह्मगुप्ताच्या नियमापासून येथवर बाराशे वर्षे गेली, हे लक्षात घेतले तर सातवीतल्या मुलाच्या शंकेकडे आपण अधिक आदराने पाहू.

या कराराची किंमतही सांगावी. सगळेच जुने नियम टिकत नाहीत. २ पेक्षा ५ मोठे. दोघांना ३ ने गुणले तर क्रम तोच राहतो. −३ ने गुणले की तो उलटतो : −६ हे −१५ पेक्षा मोठे. पुढे असमानतांच्या प्रकरणात मुले जी चूक हमखास करतात, तिचे मूळ येथे आहे.

दिशा

मग गोष्टी सांगूच नयेत का? सांगाव्यात, पण ज्यांत दोन्ही चिन्हांना स्वतंत्र अर्थ आहे, अशा सांगाव्यात. इ. स. १६०० च्या सुमारास, मूळच्या विदर्भातील पण काशीला स्थायिक झालेल्या कुळातील कृष्ण दैवज्ञ याने भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथावर टीका लिहिली. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, म्हणजे उलटेपणा, असे तो सांगतो. आणि तो स्थळाचा, काळाचा व वस्तूंचा असा तीन प्रकारचा असतो.

त्यातील स्थळ आणि काळ एकत्र घेऊ. भिगवण स्थानक शून्य माना, सोलापूरची दिशा धन. पुण्याकडे ताशी ५० किलोमीटर या एकसारख्या वेगाने जाणारी गाडी आत्ता भिगवणला आहे. तिचा वेग −५०. दोन तासांपूर्वी, म्हणजे काळ −२ असताना, ती कोठे होती? सोलापूरच्या बाजूला १०० किलोमीटरवर. (−५०) × (−२) = +१००. येथे उत्तर सूत्रावाचून समजते आणि मग सूत्राशी ताडून पाहता येते.

भागाकार

भागाकारात गोष्टींची मर्यादा अधिक उघडी पडते. (−१२) ÷ ३ : बारा रुपयांचे कर्ज तिघांत वाटले, प्रत्येकावर चार रुपयांचे. (−१२) ÷ (−३) : बारा रुपयांच्या कर्जात तीन रुपयांची किती कर्जे? चार. पण १२ ÷ (−३) चे काय? बारा रुपये 'उणे तीन' माणसांत वाटता येत नाहीत, आणि बारा रुपयांच्या शिलकीत तीन रुपयांची कर्जे मोजता येत नाहीत. येथे एकच वाट उरते : भागाकार म्हणजे गुणाकाराचा उलटा प्रश्न. कोणत्या संख्येला −३ ने गुणले म्हणजे १२ येतात? −४ ला.

सतराव्या शतकात आंत्वान आर्नो या फ्रेंच विचारवंताने शंका काढली होती. १ ÷ (−१) आणि (−१) ÷ १ समान असतील, तर मोठीचे लहानीशी असलेले नाते लहानीच्या मोठीशी असलेल्या नात्याइतकेच कसे? गुणाकाराकडे परत गेले की शंका फिटते. (−१) × (−१) = १ आणि (−१) × १ = −१, म्हणून दोन्ही भागाकार −१. 'मोठ्याला लहानाने भागले की उत्तर एकापेक्षा मोठे' ही समजूत धन संख्यांपुरतीच खरी होती.

ही कसोटी थोरांनाही लावावी. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागले असता शून्य येते, असे सांगितले. पण कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तरी शून्यच येते. मग त्यांतील शून्यच उत्तर का निवडावे? म्हणून आज आपण शून्याने भागणे वर्ज्य मानतो.

बाकीचा प्रश्न तर बहुतेक पुस्तके टाळतात. −७ ला ३ ने भागा. −७ = ३ × (−२) − १ हेही खरे आणि −७ = ३ × (−३) + २ हेही खरे. बाकी −१ की २? संगणकाच्या 'सी' भाषेत १९९९ च्या प्रमाणकानुसार −१ येते, 'पायथॉन' भाषेत २. दोन्ही आपापल्या कराराशी प्रामाणिक आहेत. संख्याशास्त्रात बाकी ऋण नसावी असा संकेत आहे, आणि तो सोयीचाही आहे. बुधवारच्या १० दिवस आधी कोणता वार होता? −१० = ७ × (−२) + ४. बुधवारनंतरचा चौथा वार, म्हणजे रविवार.

वर्गात काय करावे?

क्रम असा ठेवता येईल. आधी १८ × १७ चा चौकटीचा कागद, मग गाडीचे उदाहरण, मग आकृतिबंध आणि शेवटी नियम. वर दिलेली वितरणाची सिद्धता सातवीत सर्वांना झेपेलच असे नाही. ती आठवी-नववीत पुन्हा घ्यावी. परीक्षेत (−७) × (−८) विचारण्याबरोबरच '१९ × १६ हा गुणाकार (२० − १) × (२० − ४) असा करून पडताळा पाहा' असेही विचारावे. पहिल्या प्रश्नाने पाठांतर तपासले जाते, दुसऱ्याने नियमाचे कारण कळले की नाही हे कळते.

वेळ कमी असतो, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, हे खरे आहे. पण याच वयात गणितातले नियम कोणीतरी वरून ठरवलेले असतात आणि ते निमूटपणे पाळायचे असतात, अशी समजूत मुलांच्या मनात घर करते. 'असं का?' विचारणाऱ्याला शत्रू-मित्रांची गोष्ट सांगून बसवले, तर पुढच्या वेळी तो हात वर करत नाही. चौकटीचा एक कागद आणि एक तास एवढ्यात ते टळू शकते.