चढता दशांश

रोनाल्ड सायडर यांचा भुकेच्या युगांतील श्रीमंत ख्रिस्ती लोकांविषयींचा 1977 सालचा इंग्रजी ग्रंथ नुसतें प्रवचन नव्हे. किती दिलें यापेक्षां घरांत किती उरलें, हें ते विचारतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देऊन सुटका नाहीं. उत्पन्न वाढेल तशी दानाची शेंकडेवारीहि वाढावी! लेवीयांतील योबेल वर्षीं, म्हणजे पन्नासाव्या वर्षीं, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई. त्या आधारें ते दानाकडून न्यायाकडे वळतात. देणारा उपकारकर्ता न राहतां ऋणको ठरतो. ग्रंथाचें खरें बळ आमच्या मतें येथेंच आहे.

मात्र श्रीमंतांस उद्देशून लिहिल्यामुळें दरिद्री मनुष्य त्यांत बहुधा घेणाराच दिसतो. पौलानें यरुशलेमेच्या गरिबांसाठीं जमविलेल्या वर्गणींत मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांनीं ऐपतीबाहेर भर घातली होती. त्या दातृत्वावर आम्हांस एक स्वतंत्र प्रकरण हवें होतें.